उद्या शीट दाखवायच्यात आणि मी रात्री दीडला सीरम लावतेय

पावसाळी_चाफा (रात्री १:४७)
मंडळी, झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. मी सिव्हिल सेकंड इयरला आहे, पुण्यात हॉस्टेलला, घर चंद्रपूरला. उद्या दुपारी २ ला बिल्डिंग ड्रॉइंगच्या ५ शीट दाखवायच्या आहेत, त्यातल्या ३ झाल्यात, चौथीवर प्लॅन आणि एलिव्हेशन (बाहेरून दिसणारं चित्र) झालंय पण सेक्शनची, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्या चित्राची, जागा पांढरीफटक. रात्री १० ला मेसमधून जेवून वर आले, शीट बोर्डाला चिकटवली, पेन्सिलींना टोकं काढली आणि मग वाटलं की आधी तोंड धुऊन घेऊ म्हणजे तरतरी येईल. तोंड धुतलं म्हणजे फेसवॉश आला, मग टोनर आला, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग नायसिनमाइड, मग मोबाइलवर बघितलं की नायसिनमाइडवर व्हिटॅमिन सी चालतं का, एक जण म्हणतो चालतं, दुसरी म्हणते अजिबात नको, ते बघता बघता पावणेबारा. मग वाटलं आता उशीर झालाच आहे तर शीट मास्क पण लावून टाकू, तो २० मिनिटं ठेवायचा असतो आणि तेवढ्या वेळात मान खाली घालून ड्रॉइंग करता येत नाही.

आत्ता उठून खिडकीतल्या फळीवरच्या बाटल्या आणि ट्यूबा मोजल्या. १४ आहेत. ३ उघडलेल्याच नाहीत. व्हिटॅमिन सी सीरम आणलं तेव्हा पाण्यासारखं होतं, आता कडक चहाचा रंग आलाय. हे सगळं खाऊच्या पैशांतून आणि दिवाळीत मामाने दिलेल्या पैशांतून आलंय. आणि एवढं करून चेहरा फर्स्ट इयरला होता त्याच्यापेक्षा वाईट आहे, हनुवटीवर आणि जबड्यावर पुळ्या, नाकाच्या बाजूला पोपडे निघतात, मॉइश्चरायझर लावलं तरी आग होते.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, चेहऱ्याला खरंच किती गोष्टी लागतात? आणि दोन, काम समोर पडलेलं असताना मला नेमकं हेच का सुचतं? आई म्हणते तुला अभ्यासाचा कंटाळा. पण मला ड्रॉइंग मनापासून आवडतं हो. शीटसमोर बसलं की छातीत धडधडायला लागतं आणि आरशासमोर बसलं की थांबतं.

रूम_नंबर_११२
काच आहे का रूमवर? दोन बादल्या उलट्या घाल, वर काच, खाली मोबाइलचा टॉर्च, मैत्रिणीची शीट खाली आणि तुझी वर. ४० मिनिटांत सेक्शन तयार. आमच्या हॉस्टेलला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची काच पिढ्यानपिढ्या वारशाने येते, सीनियर पास आउट झाला की ज्युनियरला देऊन जातो.

दुपारची_झोप
एवढ्या रात्री १४ बाटल्या मोजल्यास म्हणजे मोजणीत हात पक्का आहे, सर्व्हेइंगमध्ये चांगले मार्क पडणार.

केतकी_पान
मी त्वचारोग विभागात रेसिडेंट आहे, नाइट ड्यूटी चालू आहे म्हणून जागी आहे. चेहरा बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण तू लिहिलंयस ते वाचून एक सांगते. मॉइश्चरायझरने आग होणं, पोपडे निघणं, हे त्वचेवरचा वरचा थर खरवडला गेल्याचं लक्षण असतं. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल यातलं काय काय आहे त्या १४ मध्ये?

पावसाळी_चाफा (रात्री २:०५)
तिन्ही. ग्लायकोलिकचा टोनर, सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि सीरम दोन्ही, रेटिनॉल आठवड्यातून चारदा.

केतकी_पान
म्हणजे रोज चेहऱ्यावरून पॉलिश पेपर फिरतोय. यातली एकेक गोष्ट आपापल्या जागी चांगली आहे गं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून बुजलेल्या रंध्रांत उतरतं, ग्लायकोलिक वरच्या मृत पेशी सुट्या करतं, रेटिनॉलने पेशींची उलाढाल वाढते. पण तिन्ही एकदम लावले की त्वचेला सावरायला वेळच मिळत नाही. तीन आठवडे हे सगळं कपाटात ठेव. साधा, फार फेस न होणारा, वास नसलेला फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, बस. आग थांबली की मग पुळ्यांकडे बघायचं, आणि ते एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला चेहरा दाखवून. सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत केसपेपर काढलास तरी चालेल, तिथेही त्वचाविभाग असतो.

नायसिनमाइड आणि व्हिटॅमिन सी एकत्र चालतात, त्यासाठी पावणेबारापर्यंत जागायची गरज नव्हती. पण तुझं व्हिटॅमिन सी तपकिरी झालंय म्हणजे हवा आणि उजेड लागून ते ऑक्सिडाइज झालंय, टाकून दे. बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६ एम किंवा १२ एम लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ उघडल्यापासून इतके महिने. हे चित्र कोणी बघतच नाही.

सकाळी_पाच
आधीच सांगतो, राग मानू नकोस. याला आळस म्हणतात. आमच्या वेळी एक साबण होता, तोच अंगाला तोच तोंडाला आणि सबमिशन वेळेत व्हायची. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, पाचला उठ, सगळं होतं.

दुपारची_झोप
पाचला उठून काय करायचं असतं नेमकं?

उन्हाळी_वर्धा (पहाटे ५:२०)
राम राम. मी सिव्हिलवालाच आहे, साईटवर निघालोय. ताई, ते चेहऱ्याचं मले काही समजत नाही, पण एक विचारतो, शीटचा सेक्शनच का राहिला बाप्पा? प्लॅन झाला, एलिव्हेशन झालं, अन सेक्शनवर येऊनच तोंड धुवाची आठवण कशी झाली? घोडं नेमकं कुठं पेंड खाते ते सांग. मले वाटते जिना असंल त्यात.

पावसाळी_चाफा (सकाळी ७:१०)
दादा, तुम्हाला कसं कळलं?? जिनाच आहे. डॉगलेग्ड, म्हणजे मधल्या लँडिंगवरून उलटा वळून वर जाणारा. मजल्याची उंची ३००० मिमी, राइजर (पायरीची उभी बाजू) १५०, ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) २५०. मी २० राइजर काढले, मग २० ट्रेड घेतले आणि ते जिन्याच्या खोलीत मावतच नाहीत, लँडिंग भिंतीच्या बाहेर जातं. तीनदा खोडलं, कागदाची लव निघाली. सरांना विचारलं तर ते म्हणाले हे तर फर्स्ट इयरचं आहे, मग पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

उन्हाळी_वर्धा (सकाळी ७:३२)
हे पाय. ३००० भागिले १५० म्हणजे २० राइजर, बरोबर. दोन फ्लाइट (लँडिंगच्या खालचा अन वरचा टप्पा), म्हणजे एकेका फ्लाइटले १०. आता आपल्या घरच्या ओट्याच्या पायऱ्या डोळ्यापुढं आण. शेवटचा राइजर चढला की तू ओट्यावर पोचते, तिथं वेगळा ट्रेड नसते, ओटाच तुझा ट्रेड. म्हणून १० राइजरले ट्रेड ९. ९ गुणिले २५० म्हणजे २२५०. लँडिंगची उंची १५००, अर्ध्यावर. वरच्या फ्लाइटलेही तसंच, तिथं शेवटचा ट्रेड म्हणजे वरचा स्लॅब. आधी लँडिंगची लाइन मार, मग २२५० चे ९ भाग कर, आडव्या उभ्या फिक्या रेषा ओढ, अन मग पायऱ्या गडद कर. आमच्या साईटवर नवीन आलेली पोरंबी इथंच चुकतात, कारण कागदावर मोजतात, पायानं मोजत नाहीत. हॉस्टेलचा जिना एकदा चढून मोजून ये.

पावसाळी_चाफा (सकाळी ७:५८)
आत्ता पायऱ्या मोजून आले. लँडिंगपर्यंत पाय ११ वेळा उचलला आणि मध्ये पायऱ्या १०. दादा, तुमचे पाय कुठे आहेत. बसतेय लिहायला, म्हणजे काढायला.

मनमोकळी
मी एका कॉलेजात समुपदेशनाचं काम करते. सकाळी_पाच, तुमच्याशी नम्रपणे असहमत. आळशी माणूस निवांत असतो, त्याला छातीत धडधडत नाही. ही मुलगी रात्री दीडपर्यंत जागी होती, उभी होती, काहीतरी करत होती आणि तिला त्रास होत होता. माझ्याकडे येणाऱ्या चालढकल करणाऱ्या मुलांतली बहुतेक अशीच असतात. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा मांडला, की चालढकल म्हणजे वेळेच्या नियोजनातली चूक नसून आत्ताचं वाईट वाटणं टाळण्याची धडपड असते. काम समोर आलं की भीती वाटते, आपल्याला येत नाही हे उघडं पडेल असं वाटतं, आणि माणूस जिथे लगेच बरं वाटेल तिकडे वळतो. कुणी फ्रीज आवरतं, कुणी पुस्तकांना कव्हरं घालतं. सीरम लावायला दोन मिनिटं लागतात, ते लावून पूर्ण होतं आणि पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. शीट पूर्ण व्हायला पाच तास लागतात.

उन्हाळी_वर्धा यांनी जे विचारलं तेच मी पहिल्या भेटीत विचारते. नेमकं कुठे? 'अभ्यास होत नाही' या उत्तराने काही होत नाही. 'या गणिताची तिसरी ओळ कळत नाही' इथपर्यंत आलं की अर्धं काम झालं.

सकाळी_पाच
मनमोकळी ताई, मुद्दा पटतोय थोडा. पण मग सगळ्यालाच भीती म्हटलं तर पोरं शिस्त कधी शिकणार? माझा मुलगा बारावीला आहे, तोही तासभर केसांना काहीतरी चोपडत बसतो. मी ओरडतो. त्याला विचारलं पाहिजे का कुठे अडलंय म्हणून?

मनमोकळी
विचारून बघा. एकदाच, ओरडून झाल्यावर लगेच नाही, जेवताना. आणि उत्तर आलं तर त्याच्यावर भाषण नको.

माईआजी
मुलींनो आणि मुलांनो, मी ७१ वर्षांची आहे. आमच्या लहानपणी स्नो-पावडर म्हणायचे. आईच्या फडताळात अफगाण स्नोची बाटली असायची, मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ साली काढलेला तो स्नो, लग्नकार्याला निघालं की तर्जनीच्या टोकावर एवढासा घ्यायचा आणि तिघी बहिणींना पुरवायचा. एरवी मसुराच्या डाळीचं पीठ आणि साय, टाचांना वजरी, आणि नरक चतुर्दशीला उटणं. उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, आमची आजी घरी कुटायची, चार दिवस अख्ख्या वाड्याला वास यायचा. चाफे, तू डाळीचं पीठ लावून बघ, १४ बाटल्यांची गरज नाही. लिंबाची साल पण घासायची, डाग जातात.

केतकी_पान
आजी, उटण्याचं वाचून मलाच दिवाळीचा वास आला. वर्षातून चार दिवस, तेल लावलेल्या अंगाला उटणं, त्याला माझी काही हरकत नाही. पण आत्ता हिच्या चेहऱ्याला डाळीचं पीठ नको, ते रवाळ असतं आणि सोललेल्या त्वचेवर घासलं की आणखी सोलेल. आणि लिंबू तर मुळीच नको, कोणालाच नको. लिंबाचा रस खूप आम्ल असतो, आणि तो लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे चट्टे येतात, फोड येतात, नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. उन्हाळ्यात उसाच्या गाड्यावर लिंबू पिळणाऱ्या एका दादांचे हात मी असे पाहिलेत.

माईआजी
बरं झालं सांगितलंस. सुनेला सांगते, ती नातीला लावते लिंबू.

रत्नांग्री
आमच्याकडे कोकणात खोबरेल तेल सगळ्याला. डोक्याला, तोंडाला, भाजलं तरी, चिरलं तरी. मी कॉलेजला असेपर्यंत रोज रात्री चेहऱ्याला खोबरेल लावायचो आणि कपाळभर बारीक बारीक पुळ्या, सगळे म्हणायचे वयात आलास की येतात. नोकरीला मुंबईत आलो, तेल लावायचं आळसाने सुटलं, आणि दोन महिन्यांत कपाळ साफ. योगायोग असेल का?

केतकी_पान
योगायोग नसावा. डोक्याला थापलेलं तेल कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजतात, याला पोमेड अ‍ॅक्ने असं नावच आहे. ज्यांना मुरमं येतात त्यांनी चेहऱ्याला खोबरेल टाळावं. पायांच्या भेगांना, कोपरांना खुशाल लावा.

औषधवाला_बापू
माझं सातारा जिल्ह्यात मेडिकल आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. १४ बाटल्यांपेक्षा मला एका ट्यूबची जास्त भीती वाटते म्हणून लिहितो, चाफाने ती लिहिलेली नाही पण हॉस्टेलच्या मुलींमध्ये हमखास फिरते म्हणून. 'गोरं करणारी ट्यूब द्या' म्हणून माझ्याकडे आठवड्याला चार-पाच जण तरी येतात. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधं एकत्र असतात. हे मिश्रण मुळात १९७५ मध्ये क्लिगमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं, ते वांगासारख्या डागांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक दिवस लावायचं असं. आपल्याकडे ते लोक नाइट क्रीमसारखं वर्षानुवर्षं लावतात. पहिल्या दहा दिवसांत चेहरा असा उजळतो की शेजारीण पण नाव विचारायला येते. मग त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात, बायकांना गालावर लव येते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावतात. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची बरीचशी स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी देत नाही. गिऱ्हाईक शिव्या घालून पुढच्या दुकानात जातं, आणि तिथे मिळतं हे मला माहीत आहे.

माझ्या सख्ख्या पुतणीला लग्नाआधी एका पार्लरमध्ये बिनलेबलच्या पांढऱ्या डबीतून क्रीम दिलं होतं. तिने मला विचारलं नाही, काका दुकानदार असून. दीड वर्षं झालं, अजून उन्हात गेली की चेहरा लालबुंद होतो. डबीवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही, असलं काहीही चेहऱ्याला लावू नका. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघालेला आहे आणि तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. हे मी कळवळून लिहितोय.

पावसाळी_चाफा (दुपारी १२:४०)
बापूकाका, माझ्या रूमपार्टनरकडे तुम्ही म्हणताय तशीच ट्यूब आहे. तिला वाचून दाखवलं. ती आठ महिने लावतेय. रडायला आली. एकदम बंद करायची का?

औषधवाला_बापू
एकदम बंद केली तर चेहरा पेटेल आणि ती घाबरून दुप्पट लावेल. तिला याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, ट्यूब सोबत न्या, ते हळूहळू कमी करून देतील. आणि तू तिच्यासोबत जा, एकटी पाठवू नकोस.

केतकी_पान
बापूकाकांशी शंभर टक्के सहमत. आणि तिला सांग की हे बरं होतं, वेळ लागतो, पण होतं. आमच्या ओपीडीत अशा मुली रोज येतात, तिला लाजायचं काही कारण नाही.

दुपारची_झोप
माझ्या बहिणीकडे पण बिनलेबलची डबी होती. आत्ता फोन करून टाकायला लावली. धन्यवाद काका.

उन्हाळी_वर्धा
आता मले बी एक विचारू द्या. मी ४५ डिग्रीत टोटल स्टेशन (सर्व्हेचं मोजायचं यंत्र) घेऊन उभा राहतो. दुपट्टा बांधतो तोंडाले, डोळे तेवढे उघडे. सनस्क्रीन लावलं होतं बायकोनं दिलेलं, घामासोबत डोळ्यात गेलं अन अशी आग झाली की रीडिंगच चुकलं. काही उपयोग असते का त्याचा?

केतकी_पान
असतो, पण दुपट्टा आणि टोपी आधी, सनस्क्रीन नंतर. तुम्ही करताय ते बरोबरच करताय. सनस्क्रीनवरचा एसपीएफ हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात आणि आपण लावतो त्याच्या निम्म्याहून कमी. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर भरून रेघ काढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. ३० एसपीएफ त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी ९७ टक्के अडवतो आणि ५० वाला ९८ टक्के, म्हणजे ७०-८० च्या आकड्यामागे पळू नका, पुरेसं लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. घामाचं काम असेल तर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं घ्या आणि कपाळावर, भुवयांच्या वर कमी लावा. चाफा, तुझ्यासाठीही, खिडकीजवळ बसून ड्रॉइंग करत असशील तर काचेतून उन्हातले यूव्हीए किरण आत येतातच.

विस्कटलेली_पीएचडी
उशिरा वाचतेय. मी जर्मनीत पीएचडीचं तिसरं वर्ष काढतेय, प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहायचंय आणि गेल्या महिन्यात मी ओव्हनच्या जाळ्या टूथब्रशने घासल्या. लख्ख झाल्या. प्रकरण तिथेच. चाफा, तुझी पोस्ट वाचून पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाही.

मला ज्याचा खरंच उपयोग झाला ते सांगते. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी, ती टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून नाव पडलेली पोमोडोरो पद्धत, इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलोने १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना काढलेली. मी २५ मिनिटं पण करू शकत नव्हते, मी १० ने सुरुवात केली. दुसरं म्हणजे रात्री उठताना वाक्य पूर्ण करत नाही. अर्धं सोडते. सकाळी बसलं की ते पूर्ण करायला हात आपोआप जातो, कोऱ्या कागदाची धास्ती राहत नाही. तुझ्या ड्रॉइंगला पण चालेल बघ, भिंतीची एक रेषा काढायची राहू दे.

रूम_नंबर_११२
माझ्या जीटीच्या सल्ल्याला कोणी काही बोललंच नाही. पण वर्धावाल्या दादांचं वाचून मला एक कळलं, मी चार सेमिस्टर जीटी मारली आणि मला आजपण डॉगलेग्ड जिना काढता येत नाही. गेल्या महिन्यात इंटर्नशिपला एका आर्किटेक्टकडे पायऱ्या मोजायला सांगितलं आणि मी गप्प उभा राहिलो. १० राइजर ९ ट्रेड हे आज कळलं. चाफा, काच नको आणूस.

पावसाळी_चाफा (रात्री ९:१५)
सगळ्यांना एकत्र उत्तर देतेय. चौथी शीट पूर्ण झाली, पाचवी राहिली. सरांना खरं सांगितलं की जिना कळला नव्हता म्हणून अडले होते. ते रागावले नाहीत, शीट हातात घेऊन उजेडात धरली, खोडलेली जागा बघितली आणि म्हणाले सोमवारी पाचवी आण. लँडिंग भिंतीच्या आत बसलंय. मी ते आज दहा वेळा तरी बघितलं असेल, फिक्या रेषांवर गडद पायऱ्या चढत जातात आणि बरोब्बर स्लॅबला जाऊन टेकतात. इतकं छान दिसतंय ना.

फळीवरची ३ न उघडलेली शेजारच्या खोलीतल्या मुलीला अर्ध्या किमतीत दिली, व्हिटॅमिन सी बेसिनमध्ये ओतलं, बाकी आम्लवाल्या बाटल्या सुटकेसमध्ये. बाहेर फक्त ३ आहेत. आज रात्री तोंड धुऊन मॉइश्चरायझर लावायला ४ मिनिटं लागली आणि मग हातांना काय करायचं ते कळेना, म्हणून पाचव्या शीटची मार्जिन मारली.

मनमोकळी
हे 'हातांना काय करायचं ते कळेना' फार महत्त्वाचं लिहिलंस. तिथे मार्जिन मारलीस, शाब्बास. पुन्हा कधी आरशाकडे गेलीस तरी स्वतःला बोल लावू नकोस, फक्त विचार की आता कुठला जिना आलाय.

सकाळी_पाच
मुलाला जेवताना विचारलं. केमिस्ट्रीचं इक्विलिब्रियम कळत नाही म्हणाला, दिवाळीपासून. मला सांगायला घाबरत होता. क्लासच्या सरांशी बोलतोय उद्या. एवढंच कळवायचं होतं.

माईआजी
तुझं फार बरं वाटलं रे ऐकून. पोराला गोडाचं काहीतरी कर.

पावसाळी_चाफा (२४ दिवसांनी)
धागा वर काढतेय. पोपडे आणि आग पूर्ण थांबली, साधारण १२-१३ दिवस लागले. जबड्यावरच्या पुळ्या मात्र होत्याच, म्हणून रूमपार्टनरसोबत मीही ओपीडीत दाखवून आले. तिची ट्यूब डॉक्टरांनी एक दिवसाआड करून आणलीये, गेल्या आठवड्यात तिचा चेहरा दोन दिवस फार लाल झाला, ती रात्री उठून बसायची, मी थंड पाण्याची पट्टी द्यायचे. आता बरं आहे. मला बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के सकाळी आणि अ‍ॅडापलीन रात्री वाटाण्याएवढं दिलंय, ८ ते १२ आठवडे धीर धरायला सांगितलाय.

एक वाईट झालं. आईने मला हॉस्टेलला येताना तिच्या जुन्या गडद निळ्या साडीचे दोन अभ्रे शिवून दिले होते, काठ पण तसाच ठेवून. त्यातल्या एकावर उजव्या बाजूला केशरी-पांढरे ठिपके पडलेत, मी उजव्या कुशीवर झोपते ना तिथेच. धुतले तरी जात नाहीत. सकाळी लावलेलं तोंडाला राहतं आणि दुपारी कॉलेजवरून आले की मी तशीच आडवी होते. कशाने जातील?

केतकी_पान
जात नाहीत गं, तो डाग नाहीये, रंगच उडालाय. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग ब्लीच करतं, हे आम्ही पेशंटला सांगायला हवं आणि गर्दीत राहून जातं. टॉवेल आणि अभ्रा दोन्ही पांढरे वापर. ते दिलंय ते बरोबर आहे, २.५ टक्केवालं जास्त टक्क्यांच्या जवळपास काम करतं आणि त्वचा कमी कोरडी करतं. धीर धर, सुरुवातीला थोड्या पुळ्या वाढल्या तरी घाबरू नकोस.

उन्हाळी_वर्धा
पाचवी शीट काय झाली ताई? ते सांगतलंच नाही.

पावसाळी_चाफा
दादा, सोमवारी दिली, वेळेत. आता एस्टिमेशनचं आलंय, सेंटरलाइन पद्धतीत (भिंतींच्या मध्यरेषांची लांबी धरून हिशोब करायचा) जंक्शनची वजाबाकी किती करायची तिथे अडलेय. यावेळी तोंड धुवायला जायच्या आधी इथे लिहितेय.

उन्हाळी_वर्धा
टी जंक्शन असंल, म्हणजे एक भिंत दुसरीले येऊन टेकते तिथं, तर रुंदीच्या अर्ध्यानं कमी कर, एका जंक्शनले एकदा. चित्र टाक, पायतो.

माईआजी
चाफे, तो निळा अभ्रा टाकू नकोस हो. उलटा करून वापर, नाहीतर उसवून त्याचा काठ काढून ठेव. आणि घरी जुनं पांढरं मऊ धोतर असेल तर आईला सांग त्याचे दोन शिवून दे म्हणून, धोतराइतकं मऊ गालाला काही लागत नाही.

पावसाळी_चाफा
आजी, आईला फोन केला. आजोबांचं एक आहे म्हणाली, ट्रंकेत. दिवाळीला येशील तोवर शिवून ठेवते म्हणाली.